बागेचं फाटक पहाटे साडेचारला उघडा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे पावणेपाचलाच मी आमच्या गावच्या बागेपाशी पोचले. विदर्भातलं तालुक्याचं गाव, नगरपंचायतीची एकुलती एक बाग. फाटकाला साखळी होती आणि साखळीला कुलूप. बाहेर रस्त्याच्या कडेला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पाच-सहा मुली अंग सैल करत होत्या. एक मुलगी बूट काढून नडगी चोळत बसली होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, डांबरावर धावू धावू नडग्या ठणकून राह्यल्या. आत माती हाय, पण फाटक सहाले उघडते."

मे महिन्यात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. सहा वाजता फाटक उघडेपर्यंत अंगाला ऊन लागायला सुरुवात झालेली असते, सात वाजता ते चटके देतं. ज्या भागात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, तिथे अंगमेहनतीचा व्यायाम करायला दिवसातली दीड-दोन तासांचीच फट मिळते, आणि नेमक्या त्या वेळी बाग बंद असते.

ही तक्रार एका कुलपापुरती नाही. गेली सहा वर्षं मी या बागेत जाते. माझी जुनी पाठदुखी इथल्याच आसनांनी गेली. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगते. गावातल्या बागेची सकाळ कुणासाठी, कोणत्या वेळी आणि कशी चालावी, हे ठरवताना ज्यांचा दिवस सगळ्यात लवकर सुरू होतो त्यांचं घड्याळ समोर ठेवलं पाहिजे. म्हणजे मजुरीला जाणाऱ्या बाया आणि भरतीची पोरं-पोरी. आज ते तसं ठेवलं जात नाही.

सहाला फाटक उघडलं की आत येतो तो आमचा वर्ग: निवृत्त कर्मचारी, दुकानदार, शिक्षक, बँकेतली माणसं. यांना साडेआठपर्यंत सवड असते. शेतावर जाणाऱ्या बाईला ती नसते. सोयाबीन कापणीच्या दिवसांत तिचा डबा सहाच्या आत भरलेला असतो आणि सात वाजता मजुरांची गाडी चौकात उभी असते. त्याआधी पाणी भरणं, भाकरी, पोरांचं आवरणं, जनावर असेल तर त्याचं शेण. बाग उघडते तेव्हा तिची सकाळ संपलेली असते.

इथे लोक हमखास म्हणतात, "दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला पाहिजे?" पुष्कळ शिकलेली माणसंही हे म्हणतात आणि मीही पूर्वी असंच समजत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. कापूस वेचणारी बाई तेवढी हालचाल एका दिवसात, जेवणाच्या सुटीआधीच करते. त्या हिशेबाने तिचं भागलेलं आहे. पण वेचणीला बाई कशी उभी असते ते एकदा बघा. कमरेला ओटी बांधलेली, कंबर अर्धवट वाकलेली, मान खाली, दोन्ही हात पऱ्हाटीच्या फांद्यांत. ओटी भरत जाते तसं वजन पुढे लोंबतं आणि पाठीला ते मागे ओढून धरावं लागतं. निंदणाला उकिडवं बसून पुढे पुढे सरकायचं. भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या रोवणीत चिखलात उभं राहून कमरेतून पूर्ण वाकायचं. म्हणजे वर्षातले कित्येक महिने तिचं शरीर एकाच बाजूला, पुढे वाकलेलं. त्याला उलट दिशेने ताण देणारी एकही हालचाल तिच्या दिवसात नाही. श्रम भरपूर आहेत, पण त्यातलं प्रत्येक वळण कामाने ठरवलेलं आहे.

मागच्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या मावशींना मी एकदा बागेत आणलं. वय पंचेचाळीस-पन्नास, वेचणीचे दिवस, कंबर धरलेली. त्या दिवशी त्यांचा खाडा होता. कडुलिंबाच्या ओट्यामागे सतरंजी टाकून त्यांना पालथं झोपवलं आणि भुजंगासन सांगितलं. आधी साडीच्या निऱ्या पायांत अडकल्या, मग पदर सावरण्यात एक मिनिट गेलं. वीस हातांवरून दोन माणसं फिरत गेली तशा त्या पटकन उठून बसल्या. माणसं पुढे गेल्यावर पुन्हा पालथ्या झाल्या. तळवे जमिनीवर टेकून छाती उचलली तेव्हा पाठीतून कट असा आवाज आला आणि त्या हसल्या. "माय वो, किती दिसानं मोकळं झालं," म्हणाल्या. मग मकरासनात, हातांवर कपाळ टेकून, दहा मिनिटं तशाच पडून राहिल्या. झोप लागली की काय असं वाटून मी वाकून बघितलं. डोळे उघडे होते. मला म्हणाल्या, "इथं कोणी आवाज देत नाही, नाही का?"

ते वाक्य मी विसरू शकत नाही. सकाळच्या साधनेत शरीराची बाजू कुठे संपते आणि मनाची कुठे सुरू होते, हे मला त्या दहा मिनिटांनी शिकवलं. ज्या बाईला पहाटेपासून रात्रीपर्यंत कुणीतरी हाक मारत असतं, तिच्यासाठी कुणीही हाक न मारणारी दहा मिनिटं हेच ध्यान आहे. म्हणून बागेत फक्त व्यायाम असावा, अध्यात्म घरी करावं, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. आसनानंतरचं निवांत बसणं काढून टाकलं तर या बायांना सगळ्यात जास्त हवा असलेला भागच निघून जाईल.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर उघड बोललं जात नाही. गावातल्या बाईला पहाटे घराबाहेर पडायची सवय नव्हती असं नाही. घरात संडास नव्हते तेव्हा अंधारात चार-पाच जणी मिळून गोदरीला जायच्या. ते हाल होते, लाज होती, विंचू-सापाची भीती होती, वरून उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे अडवणाऱ्या सरकारी गुड मॉर्निंग पथकाचा धाक. घरोघरी संडास आले हे फार चांगलं झालं. पण त्या वाटेवर बायांचं एकमेकींशी जे बोलणं व्हायचं, सासूच्या कानाआड, नवऱ्याच्या नजरेआड, ते त्याबरोबर गेलं आणि त्याच्या जागी दुसरं काहीच आलं नाही. आज आमच्या गावातल्या बाईला पहाटे घराबाहेर पडायला सांगण्यासारखं कारण उरलेलं नाही. बाग हे ते कारण होऊ शकते, आणि यात लाजण्यासारखं काही नाही.

आता आवाजाबद्दल. आमच्या योगवर्गाने दीड वर्षापूर्वी स्पीकर आणला. भक्तिगीतं, मंत्र, मध्ये मध्ये सूचना. आणणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मागच्या रांगेला ऐकू येत नव्हतं. पण त्यानंतर वडाखालची जागा आपोआप वर्गाची झाली. हौदाजवळ बौद्ध विहारातले दोन तरुण आनापानाला, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवून ध्यानाला, बसायचे, ते आता येत नाहीत. मुस्लिम मोहल्ल्यातल्या दोन बायका चालायला यायच्या, त्याही महिनाभरात दिसेनाशा झाल्या. कुणी त्यांना वावगं बोललेलं नव्हतं. बाजारात त्यातली एक भेटली तेव्हा मी विचारलं. "बसायले जागाच कुठं राह्यली बाई," एवढंच म्हणाली. मला फार वाईट वाटलं, कारण त्या वर्गात मीही पहिल्या रांगेत बसत होते.

कायद्याचं पाहिलं तर ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि दिवसाही लेखी परवानगी लागते. पण मला नियमाचा धाक दाखवून स्पीकर बंद करायचा नाही. आमच्या वर्गातल्या लोकांना मी एवढंच विचारते की, आपल्या विदर्भात सामुदायिक साधनेची जी रीत होती ती आपण का सोडली?

सेवाग्रामला जाऊन या. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला आले तेव्हापासूनची प्रार्थनाभूमी आजही तशीच, उघड्या आभाळाखाली आहे. पहाटेच्या प्रार्थनेची सुरुवात जपानी बौद्ध मंत्राने होते, पुढे उपनिषदातलं, कुराणातलं, पारशी गाथेतलं येतं. कुणालाही येऊन बसता येतं आणि कुणी विचारत नाही की तुम्ही कोण. तुकडोजी महाराजांनी तर हे गावोगाव नेलं. गुरुकुंज मोझरीपासून पसरलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांत पहाटे सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, माणसं रांगेत ताठ बसलेली, जातीचा वा पंथाचा सवाल नाही. माझ्या माहेरच्या गावात हे मी लहानपणी पाहिलं आहे. पहाटेच्या ध्यानात एकच आवाज असायचा, कुणाच्या तरी खोकल्याचा. आणि गाडगेबाबा रात्री कीर्तन करायचे, पण गावात पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी आधी हातात घेतलेला असायचा खराटा. त्यांचा व्यायाम आणि त्यांची पूजा एकाच कामात होती. आमच्या बागेत सकाळी पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी झाडायचं ठरवलं, तर अंगही मोकळं होईल आणि ही जागा कुणा एकाची नाही हेही न सांगता कळेल.

शरीराच्या बाजूनेही आपण उपरे नाही. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूने तिथे जाऊन देशी व्यायाम आणि खेळ करून दाखवले. खेड्यापाड्यात मारुतीच्या देवळाशेजारी आखाडा असायचा आणि तिथे पोरं दंड-बैठका मारायची. त्या आखाड्यात बाईला जागा नव्हती, आणि गावच्या सगळ्याच वस्त्यांतल्या पोरांना होती असंही मी म्हणणार नाही. जुनं जसंच्या तसं परत आणा असा माझा आग्रह नाहीच. पण ते माती, सावली आणि पाणी एवढ्यावर चालायचं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कारण सध्या पैसा जातो लोखंडात. ओपन जिम नावाची रंगीत यंत्रं तालुक्यातल्या अनेक गावांत बसली. आमच्या बागेतल्या सहांपैकी दोन चालू आहेत. चालण्याच्या यंत्राचा एक पाय निखळलाय, दुसरा कुरकुरतो, आणि उन्हाळ्यात त्या लोखंडाला सकाळी आठनंतर हात लावता येत नाही. बेअरिंगला ग्रीस कुणी घालायचं हे उद्घाटनाच्या दिवशी ठरलेलं नव्हतं. आणि आता बागेच्या कडेने जो मातीचा फेरा आहे त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचं घाटतंय.

तो फेरा साधारण दोनशे मीटरचा आहे. पोलीस भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. म्हणजे बागेचे आठ फेरे मुलांचे आणि चार मुलींचे. कुणी आखून दिल्यासारखं मैदान गावात तयार आहे आणि पोरं मात्र अंधारात राज्यमार्गावर धावतात. उसाचे, मुरमाचे, कोळशाचे ट्रक बाजूने जातात, समोरचा उजेड डोळ्यांवर येतो. कोरडवाहू पाच एकरांवर घर चालत नाही हे या पोरांना कळून चुकलंय, म्हणून ती धावतात. त्यांना मऊ जमीन हवी. पेव्हर ब्लॉकवर धावलं की गुडघ्यांना दणके बसतात आणि पावसाळ्यात शेवाळ धरलं की पाय घसरतात. माती रोलरने दाबून घ्या, वरून बारीक मुरूम टाका, पाण्याला उतार द्या. याला ब्लॉकपेक्षा कमी पैसा लागतो.

फाटकाला कुलूप का लागलं याचं कारणही प्रामाणिकपणे सांगायला हवं. रात्री तिथे दारू प्यायला माणसं बसत. बाटल्या फुटत, काचा मातीत रुतत. बायांनीच तक्रार केली होती. तेव्हा रात्रीचं कुलूप योग्य आहे. पण रात्री नऊ ते पहाटे साडेचार एवढंच पुरे. चौकीदार सहाला येतो म्हणून बाग सहाला उघडते, यापलीकडे सहाच्या वेळेला काहीही आधार नाही. त्याची पाळी बदला, किंवा एक चावी भरतीच्या मुलींच्या गटाकडे आणि एक बचत गटाच्या बायांकडे द्या. फाटकापाशी आणि संडासापाशी दिवे लावा. संडास उघडा ठेवा. आज तोही कुलपात असतो. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त हवा. कडुलिंबामागची बाजू मेंदीचं कुंपण लावून आडोशाची करा, म्हणजे साडीतल्या बाईला पालथं पडताना चार वेळा उठून बसावं लागणार नाही. थंडीत पहाट उशिरा होते, तेव्हा वेळ पाचची चालेल.

मजूर बायांना पळायला लावू नका, हेही सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्तक्षय आढळला. काळ्या चहावर घराबाहेर पडणाऱ्या बाईकडून सूर्यनमस्कारांची आवर्तनं करून घेणं हा तिच्यावर अन्याय आहे. तिला पाठ उलट वाकवणारी तीन-चार आसनं, खांदे आणि मान मोकळी करणं, लांब श्वास आणि निवांत पडणं हवं. गावातल्या आरोग्यसेविका आशाताई तिथेच तिच्या रक्तवाढीच्या गोळ्यांची चौकशी करू शकतात. वीस मिनिटांत हे सगळं होतं, आणि पाचला आलेली बाई साडेपाचला घरी पोचते.

वीस मिनिटंही तिला घरातून कोण देणार, असं मला आमच्या वर्गातल्या एका काकांनी विचारलं. प्रश्न खरा आहे. पहाटे पाणी भरणं आणि चूल पेटवणं हे फक्त बाईचं काम आहे असं ज्या घरात धरलं जातं, तिथे साडेचारला उघडलेलं फाटकही तिच्या कामाचं नाही. नगरपंचायत हे बदलू शकत नाही. पण आमच्या वर्गातले पुरुष रोज शांतीचा पाठ म्हणतात. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस घरचा नळ स्वतः भरून मग बागेत यावं, अशी मी त्यांना सगळ्यांसमोर विनंती केली आहे. चौघांनी हो म्हटलं. ते चौघं ते करत आहेत, हे मी त्यांच्या घरच्यांकडून ऐकलं.

२१ जूनबद्दलही थोडं बोलते. योगदिन २०१५ पासून साजरा होतो आणि त्याने योगाला मान मिळवून दिला, त्याबद्दल मला कृतज्ञताच आहे. पण आपल्याकडे तो दिवस मृगाच्या पेरणीच्या ऐन धांदलीत येतो. पाऊस वेळेवर असेल तर त्या दिवशी सगळं गाव वावरात असतं. विदर्भातल्या शाळाही उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे सुटीतल्या मुलांना बोलावून रांगा भराव्या लागतात. मी शिक्षिका म्हणून हे केलं आहे. शेतकरी आणि मजूर त्या फोटोत नसतात. आमच्या गावापुरता योगाचा मोठा दिवस फाल्गुनात घ्यावा, वेचणी संपल्यावर, अंगं सगळ्यात जास्त आखडलेली असतात तेव्हा.

ज्या खेड्यात बागच नाही तिथे काय? तिथे शाळेचं मैदान आहे, विहार आहे, गुरुदेवाचं सभागृह आहे, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरान जमिनीचा एखादा तुकडा आहे. ग्रामसभेने यातली एक जागा पहाटेच्या दोन तासांसाठी सगळ्यांची म्हणून ठरवावी आणि तिथे चार कडुलिंब लावावेत. यंत्रं मागू नयेत.

आमच्या नगरपंचायतीला अर्ज दिलाय. खाली एकोणसाठ सह्या आहेत, त्यात भरतीच्या मुलींच्या अकरा, आणि सोळा अंगठे. वर्गाने स्पीकर महिनाभर बंद ठेवायचं कबूल केलंय; मागच्या रांगेला ऐकू यावं म्हणून आता आम्ही गोल करून बसतो. मोहल्ल्यातल्या त्या दोघींकडे मी स्वतः जाऊन आले. एक म्हणाली येते, दुसरी बघते म्हणाली. विहारातल्या मुलांना अजून भेटायचं आहे.

मावशींचा अंगठा यादीत सतरा नंबरला आहे. शाईचं बोट पदराला पुसत त्यांनी मला विचारलं, "मॅडम, पण सोयाबीन निघाच्या आत उघडन ना फाटक? मंग माहं येणं होत नाही."